तोंड भिंतीकडे करा

चाकणच्या पंचक्रोशीत एका गोष्टीवर कुणाचे दुमत नव्हते. दवाखान्यात शिरेतली सुई घ्यायची असेल तर तोंड भिंतीकडे करायचे. सोबत घरचे माणूस असेल तर त्यानेही पाठ फिरवायची. कारण शीर लाजरी असते. तिच्याकडे बघितले की ती बुडते, आणि बुडालेली शीर डॉक्टरच्या बापालाही सापडत नाही. हे कोणत्या पोथीत लिहिले आहे असे कुणी विचारले नाही. कांद्याच्या एका पिशवीसाठी अडत्याची उलटतपासणी घेणारी ही माणसे दवाखान्याची पायरी चढली की देवळात आल्यासारखी गरीब होत. काही जण तर कमरेत घ्यायच्या सुईलाही मान वळवून डोळे गच्च मिटून घेत. तिथे तोंड आपोआपच पलीकडे असते, हे त्यांना कोण सांगणार?

हा शोध चिमाजीचा. चिमाजी दवाखान्यात ड्रेसर होता. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, काचेच्या पिचकाऱ्या उकळायच्या आणि नानासाहेब डॉक्टर यायच्या आत त्यांची खुर्ची पुसून ठेवायची. माणूस खोटे बोलणाऱ्यातला नव्हता. आयुष्यात एकदाच बोलला, आणि ते असे रुजले की नऊ वर्षांत त्याला पाणीसुद्धा घालावे लागले नाही.

लढाईच्या काळात तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. बंदूक नव्हती हातात. तंबूतल्या इस्पितळात जखमी जवानांच्या उशाशी त्याची नेमणूक होती. शिक्षण चौथीपर्यंत. पण तिथल्या सर्जनने त्याला शीर शोधायला शिकवले. डोळ्यांनी नाही, बोटाने. दाबल्यावर मऊपणे उसळून वर येते ती शीर, तारेसारखी ताठ राहते ती नव्हे. मरायला टेकलेल्या जवानाची दंडातली शीर चपटी झाली की सर्जन पायाकडे जाई आणि घोटा चिरून उघडी. आतल्या घोट्याच्या पुढ्यात, हाडावर एक शीर असते. ती कधी जागा सोडत नाही. “माणूस सोडून जातो, ही नाही,” असे तो सर्जन म्हणे. चिमाजीला ते वाक्य आवडले होते. अर्थ मात्र पुढे कळायचा होता.

लढाई संपली, चिमाजी गावी आला, दवाखान्यात लागला. वर्षभरातच त्याच्या ध्यानात आले की नानासाहेबांचा उजवा हात कापतो. नुसता असला की कापे, काही धरले की जास्त कापे. डॉक्टर मोठा हुशार. नुसत्या नाडीवरून आणि जिभेवरून रोग ओळखणारा. कातडीखालची सुई, स्नायूतली सुई हे जमे. तिथे नेम दोन सूत इकडचा तिकडे झाला तरी औषध आपली वाट काढते. शीर म्हणजे सुतळीएवढी. तिथे थरथर चालत नाही.

एके दिवशी एका गुळवाल्याला नानासाहेबांनी पाच वेळा टोचले. सहाव्याला गुळवाल्याचा भाऊ बाह्या सरसावू लागला. तेव्हा चिमाजी एकदम बोलून गेला, “पाव्हणं, तोंड भिंतीकडं करा. तुमीबी वळा. शीर लाजरी असती. चौघं बघत बसल्यावर ती बुडंल न्हाई तर काय करंल?” दोघे वळले. चिमाजीने नानासाहेबांच्या हातातली पिचकारी काढून घेतली, एका दमात शीर धरली, औषध दिले, कापूस दाबला आणि रिकामी पिचकारी परत नानासाहेबांच्या हातात ठेवली. “झालं, वळा आता.” पाव्हणे वळले तर डॉक्टर पिचकारी घेऊन उभे. गुळवाला म्हणाला, “आता कसं, कळलंबी न्हाई.”

त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. नानासाहेब उशाशी उभे राहून कपाळावर डावा हात ठेवत, “थोडं टोचेल हं,” म्हणत. टोचे चिमाजी. मग पिचकारी हातोहात परत जाई. ही देवघेव दोघांनी अशी साधली होती की तमाशातल्या सोंगाड्यालाही जमली नसती. नानासाहेबांच्या हाताला शीर सापडते असा लौकिक तळेगावपासून खेडपर्यंत पसरला.

चिमाजीला यात काय मिळाले? एक तर नानासाहेब त्याला एकटे असताना “तू माझा उजवा हात आहेस” म्हणत, आणि त्यांच्याबाबतीत ही नुसती बोलायची रीत नव्हती. दुसरे म्हणजे एक वचन. नानासाहेब एक पत्र लिहून देणार होते: हा माणूस शिरेतली सुई देतो, माझ्या नजरेखाली देत आला आहे. एवढेच दोन ओळींचे. शिकलेल्या माणसाला दोन ओळींचे काय मोल? पण चिमाजीला स्वतःच्या हाताची ओळख कुणाच्या तरी सहीने कागदावर हवी होती. पत्र दिवाळीनंतर मिळणार होते. दिवाळ्या बऱ्याच झाल्या.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. पुण्याहून लस टोचणारी मोटार यायच्या आत महाळुंग्याच्या दौलतराव पाटलांची बायको सुभद्राबाई बैलगाडीत आडवी घालून आणली. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी, आणि नाडी नाही. दौलतरावांनी गाडीतून उतरताना पायात वहाणसुद्धा घातली नव्हती.

नानासाहेबांनी सलाईनच्या बाटलीची नळी दुहेरी केली आणि दोन्ही मांड्यांच्या कातडीखाली जाड सुया घातल्या. पुस्तकाप्रमाणे बरोबर होते ते. पण पाणी उतरले आणि तिथेच थांबले. मांडीवर लिंबाएवढे दोन फुगे आले ते काही जिरेनात.

“डॉक्टर, रगतच फिरंना तर हे पाणी कोण वाहून न्हेनार?” चिमाजी हळू आवाजात म्हणाला. “शिरंतच पायजे.”

“शीर कुठं आहे?” नानासाहेबांचा आवाज चिडका झाला होता. दंड बांधून चिमाजीने दोन्ही कोपर चाचपले. उन्हाळ्यातला ओढा. नुसती जागा, आत काही नाही.

“घोटा उघडू?”

नानासाहेबांनी दाराकडे पाहिले. बाहेर दौलतराव आणि महाळुंग्याची दहा-बारा माणसे. ड्रेसरने सुई देणे वेगळे आणि ड्रेसरने माणूस कापणे वेगळे. नानासाहेब “कर” म्हणाले नाहीत, “करू नकोस” म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “दार लाव.”

चिमाजीने दार लावले. आतल्या घोट्याच्या पुढ्यात आडवी चीर दिली. रक्त जवळजवळ आलेच नाही. खाली ती शीर होती, पांढुरकी, विझल्या वातीसारखी, पण आपल्या जागेवर. तिच्याखालून दोरा घेतला, तिला बारीक छेद दिला, बोथट सुई आत सरकवली, दोरा आवळला. पाणी चालू झाले. पहिली बाटली, दुसरी. तिसरी अर्धी झाली तेव्हा मनगटात काहीतरी हलले, मुंगी चालल्यासारखे. चौथ्या बाटलीला सुभद्राबाई म्हणाली, “तहान लागली.”

दार उघडायला नानासाहेब गेले. चिमाजी कोपऱ्यात चिमटे धूत होता. दौलतरावांनी नानासाहेबांचे पाय धरले ते सोडेनात.

पुढच्या महिन्यात शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, तीन भाषणे. हारांचे ताट चिमाजीने धरले होते, कारण त्याचा हात हलत नसे. नानासाहेब उत्तरादाखल म्हणाले की वैद्याला विद्येइतकीच हाताची साथ लागते. कुणाच्या हाताची, ते त्यांनी सांगितले नाही. लोकांनी त्यांच्याच हाताकडे बघून टाळ्या वाजवल्या. तो हात त्या वेळी शालीच्या आत होता.

घरी आल्यावर रतनबाईने नवऱ्याला विचारले, “तुमच्या वाटची शाल कुठाय?”

“मला पत्र मिळनार हाय.”

“मग थंडीत तेच पांघरा,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. रतनबाईने नानासाहेबांना नऊ वर्षांत एकदाच पाहिले होते, पण तिचा अंदाज नवऱ्यापेक्षा बरा होता. बायकांना माणसे दुरून बरोबर दिसतात. जवळ उभे राहणाऱ्याला नुसता सदरा दिसतो.

पिंपरीला सडकेच्या कडेला तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. त्यातल्या एका नव्या कारखान्याने आपल्या दवाखान्यासाठी माणूस हवा असल्याची वर्दी धाडली. यंत्रावर हात गेला, माणूस पांढरा पडला, तर डॉक्टर येईपर्यंत सलाईन लावता आले पाहिजे. शिरेवर हात चालणारा माणूस पाहिजे. परीक्षा नसली तरी चालेल, पण नोंदलेल्या डॉक्टरचे पत्र पाहिजे. चिमाजीने ती बातमी नानासाहेबांच्या कानावर घातली. या वेळी नानासाहेबांनी दिवाळीचे नाव काढले नाही. तिथल्या तिथे कागद ओढला, इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, पाकीट बंद करून लाखेची मोहोर केली. मोहोर जरा तिरकी बसली. चिमाजीला त्या तिरकेपणाचाही अभिमान वाटला. हात कापत असताना माझ्यासाठी लिहिले, असे त्याच्या मनात आले.

“जाणार तर मला सोडून,” नानासाहेब म्हणाले. डोळ्यांत पाणी होते. खरे होते ते पाणी. हे पुढच्यासाठी ध्यानात ठेवायला हवे.

चिमाजी धुतलेले धोतर नेसून, एस.टी.ने भोसरीला उतरून, तिथून शेताडीच्या वाटेने पायी पिंपरीला गेला. पाकीट त्याने टोपीत ठेवले होते, घामाने भिजू नये म्हणून टोपी हातात. कारखान्याचे डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले, बोलायला मोकळे. त्यांनी मोहोर फोडली आणि आधी अक्षरच पाहत राहिले.

“हे लिहिणाऱ्याचा हात कापतो की काय?”

चिमाजीचे उत्तर विचार करण्याच्या आधीच बाहेर पडले. नऊ वर्षांची सवय. “न्हाई न्हाई साहेब. घाईत लिव्हलंय. त्यांचा हात लई खंबीर. चाकणात कुनालाबी इचारा.”

“असं होय,” म्हणत डॉक्टरांनी पत्र वाचले. मग चिमाजीकडे पाहिले, मग परत पत्राकडे. “यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?”

“व्हय साहेब. शिरंच्या कामाचं.”

“वाचून दाखवतो.” आणि त्यांनी मराठी करून सावकाश वाचले. “चिमाजी हा प्रामाणिक, निर्व्यसनी मनुष्य आहे. पिचकाऱ्या व सुया धुणे, उकळणे ही कामे तो उत्तम करतो. मात्र रुग्णास सुई देण्याचे काम त्याजवर कधीही सोपवू नये. तसा त्यास अनुभव नाही, आणि उत्साहाच्या भरात तो अपाय करील असे मला वाटते.”

बाहेर कुठेतरी पत्र्यावर हातोडा पडत होता. चिमाजी म्हणाला, “परत वाचा.”

त्यांनी परत वाचले. तेच होते.

“साहेब, मीच देतो सुया. नऊ वरसं. त्यांचा हात कापतो.”

“आत्ताच तर म्हणालात, खंबीर आहे.”

चिमाजीने अंगावरच्या सदऱ्याची बाही वर केली. कुणाची तरी शीर समोर असती तर त्याने लगेच करून दाखवले असते. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवले. “तुम्ही म्हणता ते खरंही असेल,” ते म्हणाले. “पण एकीकडे सही आहे आणि एकीकडे तुमचा शब्द. उद्या काही झालं तर मी काय दाखवू? कुणी पाहिलंय का तुम्हाला सुई देताना? एखादा पेशंट आणा. एक जरी आला तरी मी पुन्हा विचार करतो.”

परतीच्या वाटेवर चिमाजी मनातल्या मनात माणसे मोजू लागला. कोण कोण सापडेल? गुळवाला, तोंड भिंतीकडे. वाड्यावरची मास्तरीण, तोंड भिंतीकडे. तो तेली, त्याचे दोघे जावई, ती बाळंतीण. भोसरीपर्यंत त्याने दीडशे माणसे आठवली आणि दीडशेच्या दीडशे जणांची त्याला पाठच आठवत होती. नऊ वर्षे त्याने स्वतःच एकेक साक्षीदार खांद्याला धरून उलटा फिरवला होता.

एक उरली. सुभद्राबाई. तिचे तोंड भिंतीकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो महाळुंग्याला गेला. सुभद्राबाई अंगणात वाळवण घालत होती. तिने चटकन खाट टाकली, ताक आणले. पायाची विचारपूस केली तेव्हा तिने पदर सावरून घोटा दाखवला. चीर छान मिटली होती, बोटभर पांढरी रेघ.

“रोज हात लावून पाया पडते बघा,” ती म्हणाली. “नानासाहेबांची खूण हाय.”

“वैनी,” चिमाजी म्हणाला, “ती चीर मी दिली.”

सुभद्राबाई हसली. हसण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, म्हणून ते जास्त लागले. “तुमीबी लई राबला त्या दिवशी, भावजी. ह्यांनी सांगितलंय मला. चिमाजीनं चिमटे धुतले, बाटल्या बदलल्या, म्हनले. मी न्हाई इसरायची. घ्या, अजून घ्या ताक.”

त्याने ताक घेतले. ताक आंबट नव्हते.

दवाखान्यात पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. नानासाहेब खुर्चीत होते. खुर्ची पुसलेली नव्हती. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ओळखले.

“वाचून दाखवलं वाटतं त्यांनी,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, नुसतं नाही म्हणतील.”

“का केलं, डॉक्टर?”

“बस.”

“उभाच बरा हाय.”

नानासाहेबांनी उजवा हात डाव्याने धरून मांडीवर ठेवला. “ऐक. खरं लिहिलं असतं तर त्याचा अर्थ काय? की मी नऊ वर्षं एका चौथी पास माणसाकडून लोकांच्या शिरेत औषधं घालवली. माझं लायसन गेलं असतं. आणि तुला तरी त्यांनी ठेवलं असतं का?”

“मग लिव्हू नका म्हनायचं. दिवाळीनंतर म्हनायचं. मी थांबलो असतो.”

“तू या वेळी थांबला नसतास.” नानासाहेबांचे हे खरे होते. “आणि तू गेलास तर माझं काय, ते सांग. उद्या एखादा दमेकरी आला तर मी काय त्याला जीभ दाखव म्हणू? चिमाजी, तू मला मुलासारखा आहेस. मुलगा बापाला असा टाकून जातो का?”

“बाप असं पत्र देतो का?”

नानासाहेब जरा वेगळ्या आवाजात, बाजारात शेवटचा भाव सांगावा तसे म्हणाले, “तू बाहेर बोललास तरी मी तुला अडवणार नाही. बोल. पण कुणी पाहिलंय?”

चिमाजीला ही गोष्ट कालपासून माहीत होती. पण त्यांनाही ती माहीत आहे, आणि आज नाही, फार दिवसांपासून माहीत आहे, हे त्याला या घटकेला कळले. इतकी वर्षे तो समजत होता की भिंतीकडे तोंड केलेली माणसे नानासाहेबांना झाकत होती. ती चिमाजीला पुसत होती.

तेवढ्यात पायरीवर गलका झाला. कांदाबाजारातल्या आबाजी हमालाला त्याच्या दोघा जोडीदारांनी काखेत धरून आणले होते, मागे बायको मंजुळाबाई. पोत्यांच्या धुळीने आबाजीला दमा लागे, पण आजचा वेगळा होता. ओठ निळे, मानेच्या शिरा दोरासारख्या, श्वास कसाबसा आत जाई आणि बाहेर येताना नुसती शिटी. त्याला झोपवता येईना. टेबलाच्या कडेला तो दोन्ही हात रोवून बसला.

नानासाहेबांनी दंडाच्या कातडीखाली ॲड्रिनलिनची सुई दिली. ती त्यांना जमली. पाच मिनिटे वाट पाहिली. दहा मिनिटांनी दुसरी. शिटी बारीक होत गेली, आणि दम्यात शिटी बारीक होणे ही चांगली गोष्ट नसते. आबाजीची मान पुढे कलंडू लागली.

“ॲमिनोफायलीन,” नानासाहेब म्हणाले. “शिरेतून.”

चिमाजीने औषध ग्लुकोजमध्ये घालून पिचकारी भरली. ट्रेमध्ये ठेवली. आणि हात मागे बांधून उभा राहिला.

“चिमाजी.”

“पत्रात लिव्हलंय डॉक्टर. माझ्यावर सुई सोपवायची न्हाई. अपाय करीन मी.”

दार उघडे होते. दोघे हमाल ऐकत होते, मंजुळाबाई ऐकत होती. चिमाजीला एवढेच हवे होते की नानासाहेबांनी चार माणसांदेखत म्हणावे: तू दे, माझा हात चालत नाही. सहा शब्द. पत्रापेक्षाही कमी.

नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. घाबरले नाहीत. पिचकारी उचलली, काचेत काच किणकिणली, आणि त्यांनी सुई आबाजीच्या कोपरावर नेली. पहिल्यांदा शिरेच्या बाजूला गेली. दुसऱ्यांदा आरपार, कातडीखाली जांभळा फुगा आला. आबाजीचे डोळे वर फिरले. तिसऱ्यांदा सुई लावण्याआधी नानासाहेबांनी परत एकदा चिमाजीकडे पाहिले, आणि चिमाजीला कळले की ते शीर शोधतच नाहीत. ते वाट बघताहेत. चिमाजी आबाजीला मरू देणार नाही, याची त्यांना त्याच्याइतकीच खात्री होती. आणि ज्याची खात्री असते ते मागून कशाला घ्यायचे?

चिमाजीने पिचकारी काढून घेतली. काढून घेतली तेव्हा मोठ्याने म्हणाला, “मावशी, इकडं या. म्होरं या. आबाजी, माझ्याकडं बघ. तुमी दोघंबी बघा. कुनाचा हात हाय ते बघून घ्या.”

मंजुळाबाईने पदर तोंडावर ओढला आणि गर्रकन भिंतीकडे वळली. “नगं रं बाबा, शीर बुडंल. आधीच दोन डाव बुडालीया. माझ्या कुकवावर बेतलंय, आन् ह्यो मस्करी करतोय.”

दोघे हमालही वळले. एकाने वळता वळता दुसऱ्याला दटावले, “बघू नको म्हनतोय ना.” आबाजीने, ज्याला श्वास घेता येत नव्हता त्यानेही, कष्टाने मान फिरवली आणि डोळे मिटले.

चार पाठी. नानासाहेबांनी डावा हात आबाजीच्या कपाळावर ठेवला आणि सवयीने म्हणाले, “थोडं टोचेल हं.”

चिमाजीने दुसरा कोपर घेतला. बोटाखाली शीर उसळली. सुई आत गेली, काचेत रक्ताचा धागा आला. हे औषध घाईने दिले तर हृदय थांबवते. दहा मिनिटे लावावी लागतात. दहा मिनिटे त्याने दट्ट्या केसभर केसभर पुढे नेला. चौघेजण चुन्याच्या भिंतीकडे बघत होते, आणि भिंतीवर बघण्यासारखे काही नव्हते. पाचव्या मिनिटाला शिटी परत ऐकू आली. आठव्याला जाड झाली. दहाव्याला आबाजीने एक पूर्ण श्वास बाहेर सोडला, पोते खाली टाकल्यावर सोडतात तसा.

सुई काढली, कापूस दाबला. आता पिचकारी नानासाहेबांच्या हातात जायची. त्यांनी हात पुढे केलाही होता. चिमाजीने ती दिली नाही. आपल्या हातात, छातीसमोर धरून उभा राहिला आणि म्हणाला, “झालं. वळा.”

सगळे वळले. आबाजीने डोळे उघडले आणि नानासाहेबांना हात जोडले. हमालांनी जोडले. मंजुळाबाईने नानासाहेबांच्या पायावर डोके ठेवले, उठली, डोळे पुसले, आणि मग तिची नजर चिमाजीच्या हातातल्या पिचकारीवर गेली.

“धुवायला दिली व्हय डॉक्टरांनी?” ती मायेने म्हणाली. “नीट धू रं बाबा. देवाच्या हातातली हाय ती.”

चिमाजीने टेबलाला वळसा घातला आणि पिचकारी नानासाहेबांच्या पुढे केलेल्या उजव्या हातात नीट ठेवली. बोटे स्वतःच्या हाताने मिटवून दिली, लहान मुलाच्या मुठीत खाऊ देतात तशी.

“तुमच्या हाताला यश हाय, डॉक्टर,” तो म्हणाला. “उकळाबी तुमीच.”

खुंटीवरची टोपी घेतली आणि पायऱ्या उतरला. नानासाहेबांनी हाक मारली नाही. चार माणसांसमोर कोणत्या नात्याने मारणार?

चिमाजी रस्त्यावर आला तरी उघड्या दारातून त्याला ते ऐकू येत होते. काचेत काच. बारीक, एकसारखे, थांबायचे नाव नाही. आणि त्यावर मंजुळाबाईचा काळजीचा आवाज:

“डॉक्टर, तुमास्नी थंडी वाजती का काय?”